विनोद कुठे करावा, कुठे थांबवावा? : बॉण्डपटांतून एक धडा



गेल्या स्नेहसंमेलनातले आठवी-नववीच्या मुलांचे नाटुकले आपणा सर्वांना आठवत असेल. विषय होता राणी लक्ष्मीबाईंचे ग्वाल्हेरमधले अखेरचे दिवस. त्यात राणीसाहेबांचा एक हेर चणेवाल्याच्या वेषात इंग्रजांच्या छावणीत शिरतो, असा प्रसंग घातला होता. हेराचे काम करणाऱ्या मुलाने सभागृह अक्षरशः डोक्यावर घेतले. धोतरात पाय अडकून तो एकदा पडला आणि इतका हशा झाला, की पुढच्या प्रत्येक प्रवेशात तो पडू लागला. शेवटच्या प्रवेशात शत्रू चालून आल्याची बातमी घेऊन तो धावत आला आणि सवयीने तिथेही पडला. सभागृह पुन्हा हसले. ते हसू ओसरायच्या आतच राणीसाहेब जखमी होऊन कोसळल्या आणि लोक हसतच राहिले. राणीचे काम करणारी मुलगी विंगेत येऊन रडली.

नंतरच्या सभेत एक आजोबा म्हणाले, "ज्या गावात राणीसाहेब धारातीर्थी पडल्या, फूलबागेत ज्यांची समाधी आहे, त्या गावातली आपली मुले त्यांच्या मरणावर हसवतात?" त्यांचे दुःख खरे होते. त्यावर 'यापुढे ऐतिहासिक नाटकात विनोदी पात्र नको' अशी सूचना आली, आणि ती पुढच्या सभेत विचारासाठी ठेवली आहे.

त्या नाटुकल्याच्या तालमी मी घेतल्या होत्या. चूक मुलाची नव्हती, माझी होती. पण चूक विनोद असण्यात होती की विनोदाची जागा चुकण्यात, हे नीट पाहिल्याशिवाय आपण निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. त्यासाठी आज एक वेगळेच उदाहरण घेऊ. तेही हेराचेच आहे. ते म्हणजे जेम्स बॉण्डचे चित्रपट. (यातले सगळेच चित्रपट लहान मुलांनी पाहण्यासारखे नाहीत. काय दाखवायचे ते पालकांनी ठरवावे. इथे आपण फक्त रचनेचा अभ्यास करणार आहोत.)

साठ वर्षांची कसरत

इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने १९५३ मध्ये 'कॅसिनो रोयाल' ही कादंबरी लिहून बॉण्ड हे पात्र जन्माला घातले. १९६२ मध्ये 'डॉ. नो' हा पहिला चित्रपट आला. २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'पर्यंत या मुख्य मालिकेत २५ चित्रपट झाले. शॉन कॉनरी, जॉर्ज लॅझेन्बी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पीअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग असे सहा नट बॉण्ड झाले.

इतकी वर्षे ही मालिका एका तारेवर चालत आली आहे. एका बाजूला मरणाचे भय, दुसऱ्या बाजूला हसू. कधी तोल हास्याकडे गेला, कधी गांभीर्याकडे. १९७९ च्या 'मूनरेकर'मध्ये बॉण्ड थेट अंतराळात गेला आणि व्हेनिसमध्ये त्याची नाव चौकातून धावताना पाहून एक कबूतरसुद्धा चकित झालेले दाखवले. पुढच्याच 'फॉर युअर आईज ओन्ली' (१९८१) मध्ये निर्मात्यांनी त्याला जमिनीवर आणले. त्या चित्रपटाच्या आरंभी तो आपल्या मृत पत्नीच्या थडग्यापाशी फुले घेऊन उभा आहे. १९८९ चा 'लायसन्स टु किल' अनेकांना फार कठोर वाटला. त्यानंतरच्या 'गोल्डनआय' (१९९५) मध्ये मिस्कीलपणा परतला. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये मोटार चक्क अदृश्य झाली, तेव्हा २००६ मध्ये 'कॅसिनो रोयाल'ने सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडले.

म्हणजे ज्यांचा हा धंदाच आहे त्यांचाही तोल जातो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तोल गेला म्हणून त्यांनी विनोद कायमचा काढून टाकला नाही. त्यांनी त्याची जागा बदलली.

क्यूची खोली

या मालिकेतले एक लाडके पात्र म्हणजे 'क्यू'. तो बॉण्डला नवनवी साधने बनवून देतो. डेस्मंड लेवेलिन या नटाने १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत हे काम केले. 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये तो बॉण्डला एक मोटार दाखवतो. गिअरच्या दांड्यावरची कळ दाबली, की शेजारची खुर्ची माणसासकट छतातून बाहेर उडते. बॉण्डला ही थट्टा वाटते. क्यू मात्र कपाळाला आठ्या घालून सांगतो, की आपल्या कामाची थट्टा तो कधीच करत नाही. आपण हसतो.

या हसण्याने दोन कामे केली आहेत. एक, ज्या जागी कसलाच धोका नाही तिथे आपल्याला मोकळे केले. दोन, पुढे लागणारी माहिती आपल्याही नकळत आपल्या डोक्यात ठेवली. पुढे पिस्तूल रोखलेला पहारेकरी त्या खुर्चीत येऊन बसतो, तेव्हा कुणालाही काही समजावून सांगावे लागत नाही. सुरुवातीचा विनोद इथे उपयोगी पडला. ज्या विनोदाचा नंतर कथेला उपयोग होतो, तो गंभीर कथेला कधी जड होत नाही.

शिट्टीने घालवलेली उडी

आता उलट उदाहरण पाहा. 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) मध्ये थायलंडमधल्या कालव्यावरच्या मोडक्या पुलावरून एक मोटार हवेत उडते, स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. ही उडी खरी होती. संगणकावर आधी गणित मांडून ती एकाच प्रयत्नात चित्रित केली होती. चालकाने खरोखर जीव धोक्यात घातला होता. आणि चित्रपटात त्या क्षणी काय ऐकू येते? सर्कशीत विदूषक घसरल्यावर वाजवतात तशी लांबलचक शिट्टी! त्या शिट्टीने धोका क्षणात नाहीसा झाला. आजही जाणकार प्रेक्षक त्याबद्दल हळहळतात.

'जॉज' नावाच्या खलनायकाचेही तसेच झाले. पोलादी दातांचा हा राक्षसी माणूस 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा अंगावर काटा यायचा. 'मूनरेकर'मध्ये तो इतक्या वेळा आपटला, पडला आणि वाचला, की त्याची भीती संपली. शेवटी तर तो प्रेमात पडून बॉण्डच्याच बाजूला आला. आमच्या नाटुकल्यातला धोतरात अडकून पडणारा हेर आणि हा जॉज यांची चूक एकच आहे. एकदा हशा मिळाला, म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली.

याउलट 'कॅसिनो रोयाल'मध्ये (२००६) शत्रूने बांधून ठेवलेला बॉण्ड यातना सोसतानाही शत्रूची टर उडवतो. तिथे भय तसूभर कमी होत नाही, उलट त्या माणसाची हिंमत दिसते. यावरून मला एक साधा नियम सुचतो : संकटात सापडलेल्या माणसाने विनोद करावा, पण संकटालाच विनोद करू नये.

उदयपूरचा बॉण्ड

हे दोन्ही प्रकार एकाच चित्रपटात पाहायचे असतील तर 'ऑक्टोपसी' (१९८३) घ्या. त्याचे बरेच चित्रण आपल्या देशात, उदयपूरला झाले. पिछोला तलावातला महाल आणि डोंगरावरचा सज्जनगड त्यात दिसतात. कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज यांनी त्यात कामे केली आहेत.

त्यातल्या एका प्रसंगात खलनायक हत्तींवरून बॉण्डची शिकार करायला निघतो. जिवावरचा प्रसंग आहे. पण समोर वाघ येतो तेव्हा बॉण्ड त्याला पाळलेल्या कुत्र्यासारखा 'बस' म्हणतो आणि वाघ बसतो! पुढे तो वेलीला लोंबकळत जातो, तर मागून टारझनची आरोळी ऐकू येते. झाले, आता त्याला काही होणार नाही हे आपल्याला कळून चुकते.

आता याच चित्रपटाची सुरुवात आठवा. पूर्व बर्लिनमध्ये सर्कशीतला एक विदूषक हातात फुगा घेऊन रात्री रानातून पळतो आहे आणि दोन सुरेफेके त्याचा पाठलाग करत आहेत. तो विदूषक म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर ००९. जखमी अवस्थेत तो राजदूताच्या घरापर्यंत पोहोचतो आणि तिथेच मरतो. चेहऱ्यावर रंगवलेले हसू तसेच आहे. शेवटी हाच वेष बॉण्डच्या वाट्याला येतो. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन विमानतळावर सर्कस चालू आहे आणि तिथल्या तोफेत अणुबॉम्ब दडवलेला आहे. पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी बॉण्ड लाल नाक, रंगवलेला चेहरा आणि ढगळ कपडे घालून रिंगणात शिरतो. बॉम्ब आहे हे तो जीव तोडून सांगतो, पण विदूषकाचे ऐकणार कोण? तंबूतल्या लोकांना तो खेळाचाच भाग वाटतो. आपण मात्र हसत नाही, कारण त्या वेषातला मृत्यू आपण आधी पाहिलेला आहे. सगळ्यांत हास्यास्पद पोशाख आणि सगळ्यांत गंभीर क्षण, दोन्ही एकत्र. तरीही तोल जात नाही, कारण बॉण्ड तिथे एकही विनोद करत नाही.

आपले जुने शास्त्र

हे सारे आपल्याकडे नवे नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत हास्यही आहे आणि भयानकही. पुढे 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने हास्याचे करुण आणि भयानक यांच्याशी वैर असल्याचे नोंदवले. मग त्यांनी एकत्र नांदायचे कसे? नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्यावर उपाय सांगून ठेवले आहेत. विरोधी रस वेगवेगळ्या पात्रांच्या ठिकाणी ठेवावेत, किंवा दोहोंच्या मध्ये तिसरा रस आणावा, म्हणजे ते एकमेकांना मारत नाहीत. क्यू चिडतो आणि बॉण्ड लढतो, हा पहिला उपाय झाला. हास्यानंतर थोडे आश्चर्य, मग भय, हा दुसरा.

कालिदासाने तर हे करूनच दाखवले. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या आरंभी विदूषक राजाजवळ असतो. दुष्यंत त्याला हंसपदिकेची समजूत घालायला पाठवून देतो. त्यानंतर शकुंतला दरबारात येते आणि राजा तिला ओळखत नाही. त्या क्षणी विदूषक रंगमंचावर नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये हेच नाटक मराठीत संगीतासह आणले, तेव्हापासून आपल्या पूर्वजांनी ते कितीदा पाहिले असेल! विदूषक हवा, पण त्याला वेळेवर बाहेर पाठवता आले पाहिजे.

यंदाच्या नाटकासाठी

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे. विनोदी पात्रावर बंदी घालू नये, आम्हाला ते नाटुकले पुन्हा बसवू द्यावे. हेराचे काम तोच मुलगा करील. सभेनंतर त्याने मला विचारले होते, "बाई, मी राणीसाहेबांचा अपमान केला का?" बंदी आली तर त्या प्रश्नाचे उत्तर त्याला 'हो' असेच मिळेल, आणि ते खरे नाही.

बदल एवढेच करू. पहिल्या प्रवेशात तो चण्याची पुडी विकतो, इंग्रज शिपायाशी भावावरून हुज्जत घालतो, तिथे पोटभर हसू द्या. शिपाई फेकून देतो त्या पुडीच्या कागदावरच छावणीची बातमी आहे, हे तेव्हाच दाखवू. तो एकदा पडेल, तोही पहिल्याच प्रवेशात. शेवटच्या प्रवेशात तो तशीच पुडी घेऊन येईल, पण चालत. राणीसाहेबांच्या हातात पुडी देईल आणि एक शब्दही न बोलता बाजूला उभा राहील. ज्या माणसाने आपल्याला हसवले तो गप्प झाला, की सभागृह आपोआप गप्प होते.

राणीसाहेबांबरोबर लढणारी माणसेही कधी हसली असतीलच. लढाईच्या आदल्या रात्रीही माणसे हसतात. ते हसू काढून टाकले तर उरतात ते फक्त पुतळे, आणि पुतळ्यांसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

विचार करा

१. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकात किंवा चित्रपटात विनोदामुळे गंभीर प्रसंग बिघडला का? नेमका कुठे?
२. एखादा विनोद पुढे कथेला उपयोगी पडला, असे उदाहरण लिहा.
३. घरातल्या एखाद्या कठीण दिवसाची आठवण आजी-आजोबांना विचारा. त्या दिवशी कोण हसले होते, आणि का? दहा ओळींत लिहून वर्गात वाचा.