भातखाचरातील उंदीर आणि लव्हाळा

या दोघांचेही बळ जमिनीखाली असते. उंदीर लोंब्या बांधातील बिळात साठवतो, लव्हाळा आपले अन्न गाठीत. लव्हाळा गवतासारखा दिसला तरी त्याचा दांडा तिधारी व भरीव असतो. बोटांत फिरवून पाहा. वरून खुरपल्यास गाठीतून पुन्हा फुटतो. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वेचाव्यात, उरलेल्या उन्हात सुकू द्याव्यात.

उंदरांचा बंदोबस्त मात्र एकट्याने केलेला वाया जातो, कारण शेजारचे उंदीर रिकाम्या बिळांत शिरतात. पोटरीपूर्वी साऱ्या वाडीने एकदमच संध्याकाळी बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली ती जिवंत. त्यांत २-३ दिवस साधे आमिष, मगच २ टक्के झिंक फॉस्फाईडचे आमिष काडीने बिळात खोल सारावे. हात लावू नये, कोंबड्या सांभाळाव्यात.