गोल गळपट्टा विणू या

(या पाठात क्रोशाच्या सुईने गोल गळपट्टा कसा विणावा, हे सांगितले आहे. ज्यांना साखळी आणि मुका खांब विणता येतो, त्यांनी सुई आणि लोकर जवळ घेऊन हा पाठ वाचावा.)

मुलामुलींनो, पौष महिना आला, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पहाटेची थंडी चांगलीच जाणवते. त्या थंडीतही कोणी आसनगावची लोकल गाठायला निघतो. कोणी पायी शाळेत जातो. कोणी वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसतो. अंगात स्वेटर असतो, पण वारा गळ्याशी शिरतो. म्हणून आपण गळ्याभोवती मफलर गुंडाळतो. उर्दूत त्याला गुलूबंद म्हणतात, मराठीत गळपट्टा.

लांब गळपट्ट्यात एक धोका असतो. त्याचे सुटे टोक वाऱ्याने उडते. ते मोटारसायकलच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकले, तर गळ्याला फास बसतो. इझाडोरा डंकन या प्रसिद्ध नर्तकीचा मृत्यू १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरात असाच झाला. ती उघड्या मोटारीत बसली होती आणि तिचा लांब गळपट्टा चाकात गुंतला. चुलीजवळ वाकल्यावरही लोंबते टोक विस्तवात जाऊ शकते. गोल गळपट्ट्याला सुटे टोकच नसते. तो डोक्यातून घातला, की झाले! धाकट्या भावंडासाठी तोच बरा.

लोकर ओळखा

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष महिन्यात मोठी यात्रा भरते. जनावरांच्या बाजाराप्रमाणेच ही यात्रा घोंगड्यांसाठीही ओळखली जाते. घोंगडी मेंढीच्या लोकरीची असते. दुकानात मिळणारी रंगीत लोकर मात्र पुष्कळदा ॲक्रिलिकची असते. ती स्वस्त असते, मऊ असते आणि धुवायला सोपी असते. पण ती आगीत वितळते आणि कातडीला चिकटते. मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही.

दोन्हींतला फरक कसा ओळखावा? घरातल्या मोठ्या माणसाला धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळायला सांगा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर ती मेंढीची लोकर. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला, तर ते ॲक्रिलिक. ॲक्रिलिकचा गळपट्टा घालून शेकोटीच्या फार जवळ बसू नका.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर सुमारे १०० ग्रॅम, ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची शिवणाची सुई, मापपट्टी आणि कात्री.

आधी नमुना, मग हिशोब

प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणी घट्ट विणतो, कोणी सैल. म्हणून दुसऱ्याचे टाके मोजून आपला गळपट्टा विणू नये. आधी २० साखळ्यांचा छोटा नमुना विणा. त्यात अर्धे खांब घाला.

अर्धा खांब असा विणतात. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या. सुई टाक्यात घालून लोकर ओढा. आता सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा लोकर घ्या आणि ती तिन्ही फासांतून एकदम बाहेर काढा.

अशा आठ ओळी झाल्या, की मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसले, ते मोजा. समजा, १४ बसले. गळपट्ट्याचा घेर ६० सेंटीमीटर हवा, म्हणजे १० सेंटीमीटरच्या सहापट. १४ गुणिले ६ बरोबर ८४. म्हणून ८४ साखळ्या घ्यायच्या. तुमच्या नमुन्यात १२ टाके बसले, तर ७२ साखळ्या घ्या. संख्या सम असावी. विषम आली, तर एक साखळी वाढवा.

विणण्याची कृती

१. लोकरीचे १५ सेंटीमीटर टोक सोडून ८४ साखळ्या विणा. साखळ्या सैल ठेवा.

२. साखळी सपाट जागेवर ठेवा. ती कोठेही पिळलेली नाही, हे पाहा. मग सुई पहिल्या साखळीत घाला आणि लोकर ओढून सुईवरच्या फासातूनही बाहेर काढा. गोल तयार झाला. साखळी पिळलेली राहिली, तर पूर्ण गळपट्टा पिळलेला होतो. तो पिळ नंतर सुटत नाही.

३. पहिली फेरी खांबांची. सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब. पुढे प्रत्येक साखळीत एक खांब. खांबासाठी सुईवर एक वेढा घ्या, सुई टाक्यात घालून लोकर ओढा, मग लोकर घेऊन दोन फासांतून काढा आणि पुन्हा लोकर घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. फेरीच्या शेवटी तिसऱ्या साखळीच्या माथ्यात जोड द्या.

४. पुढच्या तीन फेऱ्या उभ्या रेघांच्या. पुन्हा ३ साखळ्यांनी सुरुवात करा. आता सुई टाक्याच्या माथ्यात घालू नका. ती खालच्या फेरीतील खांबाभोवती फिरवा. एका खांबाला मागून वेढा द्या, पुढच्याला पुढून. अशा खांबांमुळे काठ जाड होतो आणि गळ्याला धरून राहतो. पुढच्या फेरीत पुढच्या खांबावर पुढचा आणि मागच्यावर मागचा खांब आला पाहिजे.

५. आता अर्ध्या खांबांच्या फेऱ्या. प्रत्येक फेरी २ साखळ्यांनी सुरू करा. त्यांना पहिला टाका समजा. अर्ध्या खांबांत फटी कमी राहतात, म्हणून वारा कमी शिरतो. गळपट्टा १६ सेंटीमीटर उंच होईपर्यंत विणत राहा.

६. शेवटी एक फेरी खांबांची आणि तीन फेऱ्या उभ्या रेघांच्या विणा. उंची सुमारे २० सेंटीमीटर होईल. लोकर कापा, टोक फासातून ओढून घ्या आणि दोन्ही टोके शिवणाच्या सुईने आतल्या बाजूला लपवा.

मोजा आणि उसवा

प्रत्येक फेरी संपली, की टाके मोजा. ८४ च्या जागी ८५ आले, तर एका टाक्यात दोनदा सुई गेली आहे. ८३ आले, तर एक टाका सुटला आहे. बहुधा तो जोडाजवळ सुटतो. चूक दिसली, की तेवढी फेरी लगेच उसवा. कापड चुकीचे कापले, तर वाया जाते. पण लोकर उसवली, तरी ती पुन्हा तशीच हातात येते. म्हणून उसवायला लाजू नका.

टाके फार आवळू नका. ऊब केवळ धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेतही असते. धुताना गळपट्टा पिळू नका. कोमट पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा.

शब्दार्थ

घेर – गोलाची लांबी
नेढे – सुईचे भोक
उसवणे – विणलेले सोडणे
माथा – वरचा भाग
कोमट – थोडेसे गरम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) म्हशाची यात्रा कोणत्या महिन्यात भरते?
(आ) अर्ध्या खांबासाठी सुईवर किती फास असतात?

२. कारणे द्या.
(अ) मोटारसायकलवर गोल गळपट्टा अधिक सुरक्षित असतो.
(आ) विणण्यापूर्वी नमुना करावा.

३. हिशोब करा. १० सेंटीमीटरमध्ये १३ टाके बसतात. ६० सेंटीमीटरच्या घेरासाठी किती साखळ्या लागतील?

४. उपक्रम : घरातील लोकरीच्या वस्तूंची यादी करा. त्यांतील हाताने विणलेल्या वस्तू कोणी विणल्या, ते विचारा आणि पाच वाक्ये लिहा.