विमानाचा वाकलेला पाय आणि पाट्याचं पाणी



आमची शाळा कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेला आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पालक फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर कापडाच्या कारखान्यात कामाला जातात. उजळाईवाडीचं विमानतळही फार लांब नाही. विमानाचा आवाज आला की अख्खा वर्ग खिडकीकडे पळतो.

'वाहतुकीची साधने' शिकवताना मी सेसना १७२ या छोट्या विमानाचं चित्र दाखवलं. शिकाऊ वैमानिक अशाच विमानांवर शिकतात. एका मुलीने विचारलं, "सर, एवढे बारीक पाय! वाकले तर?" मी पटकन बोलून गेलो, "तापवून, ठोकून सरळ करतात."

दुसऱ्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या खात्यात आहेत. "सर, पप्पा म्हणाले, तापवला तर पाट्याचं पाणी जातंय."

त्याचे पप्पा बरोबर होते आणि मी चुकलो होतो. मग मी जे वाचलं, त्यांच्याकडून जे समजून घेतलं आणि वर्गात पुन्हा शिकवलं, ते इथे देत आहे.

पाय हीच स्प्रिंग

सेसना १७२ भरलेलं असताना त्याचं वजन साधारण ११०० किलो असतं. उतरताना हा भार मुख्य दोन पायांवर आदळतो. या पायांत वेगळा शॉक ॲब्सॉर्बर नसतो. पोलादी पाय स्वतःच बाहेरच्या बाजूला फाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, ट्रकच्या कमानपाट्यासारखा. ही कल्पना अमेरिकेतले शर्यतीचे वैमानिक स्टीव्ह विटमन यांची. सेसना कंपनीने ती उचलली आणि १९४६ च्या सेसना १४० ला असे सपाट पाट्याचे पाय बसवले. सेसना १७२ ला १९७१ पासून सपाट पाट्याऐवजी गोल, नळीसारखे पोलादी पाय आले.

सपाट पायांचं पोलाद क्रोम-व्हॅनेडियम जातीचं. आपल्या कारखान्यांत ईएन ४७ म्हणतात, त्याच कुळातलं.

वाकणं दोन प्रकारचं

स्टीलची फूटपट्टी थोडी वाकवून सोडली तर ती सरळ होते. हे स्थितिस्थापक वाकणं. बांधकामाची तार वाकवली तर तशीच राहते. हे कायमचं वाकणं. विमान रोज उतरतं तेव्हा पाय पहिल्या प्रकारे वाकतो. फारच जोरात आदळलं, तर तो मर्यादा ओलांडतो आणि वाकडाच राहतो. विमान एका अंगाला कललेलं दिसतं, टायर एकाच कडेने झिजतो.

मग तापवायचं का नाही?

आपल्याकडे जुन्या ट्रकच्या पाट्यापासून लोहार ऊसतोडीचा कोयता करतात. पाटा लालभडक तापवतात, ठोकतात आणि शेवटी धारेला पाणी देतात. लाल तापवला की पाट्याचं मूळचं पाणी जातं, म्हणजे कडकपणा आणि लवचिकपणा यांचा साधलेला मेळ मोडतो. लोहार नवीन पाणी देतो म्हणून त्याचं काम जमतं.

विमानाचा पाय गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवला, तर तिथे पोलाद मऊ पडतं. दिसायला पाय सरळ, पण पुढच्या उतरणीला नेमका तिथेच वाकणार. भराभर थंड झाला तर ती जागा ठिसूळही होऊ शकते, मग वाकण्याऐवजी मोडेल. म्हणून तापवून सरळ करणं वर्ज्य.

दुरुस्ती कशी होते?

१. विमान जॅकवर उचलून पाय काढतात. रंग उतरवून पृष्ठभाग साफ करतात.
२. मूळ मापाशी ताडून पाय किती वाकला ते मोजतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत सरळ करण्याची परवानगी नसेल किंवा वाक जास्त असेल, तर पाय बाद. नवा बसवायचा.
३. परवानगी असेल तर थंडच पाय प्रेसखाली हळूहळू दाबतात. दाब काढला की पोलाद थोडं मागे येतं, म्हणून हव्या मापाच्या जरा पुढे न्यावं लागतं.
४. भेगा तपासतात. पाय चुंबकित करून त्यावर लोखंडाचे बारीक कण सोडतात. भेग असेल तिथे कण रेषेत गोळा होतात. आपल्या पालकांना ही तपासणी 'मॅग्नाफ्लक्स' नावाने माहीत असेल. भेग सापडली तर पाय बाद.
५. गरजेप्रमाणे पृष्ठभागावर बारीक छर्रे मारतात, त्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्याने वरचा थर दाबला जातो आणि भेग सहज सुरू होत नाही. फाउंड्रीतलं शॉट ब्लास्टिंग वाळू काढण्यासाठी असतं. यंत्र सारखं वाटलं तरी हेतू वेगळा.
६. गंज लागू नये म्हणून रंग देतात, पाय बसवतात आणि चाकांची दिशा जुळवतात. पाय जिथे धडाला जोडलेला असतो ती जागाही तपासावी लागते, कारण धक्का तिथपर्यंत पोहोचलेला असतो.

हे सगळं परवानाधारक अभियंत्याच्या सहीनेच होतं. सही म्हणजे जबाबदारी, हे मुलांना मुद्दाम सांगावं.

वर्गातली कृती

प्रत्येक गटाला बांधकामाच्या तारेचा वीतभर तुकडा द्या. एकाच जागी वाकवायचा, सरळ करायचा आणि तुटेपर्यंत मोजायचं. हात सांभाळून, चेहऱ्यापासून लांब. आमच्या प्रत्येक गटाचा आकडा वेगळा आला. पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली : "सर, तुटायच्या आधी तार सरळच दिसत होती!"

दुसरी कृती : दोन पट्टीचुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून, मध्ये बारीक फट राखून टेबलावर चिकटवा. वर कागद ठेवून लोहकीस भुरभुरा. कीस फटीपाशी दाटतो. भेग शोधण्याची युक्ती मुलांना लगेच कळते.

स्वाध्याय

१. कोयत्याला तापवलेलं चालतं, मग विमानाच्या पायाला का नाही?
२. सरळ केलेला पाय पुन्हा का तपासतात?
३. घरी विचारा : तुमच्या पालकांच्या कामात एखादी वस्तू कधी 'बाद' करतात? कोण ठरवतं?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मला जाणवलं, की आपल्या वर्गाच्या भिंतीपलीकडे केवढं ज्ञान रोज पाळीवर जातं. त्या मुलाच्या वडिलांना आम्ही शाळेत बोलावलं. ते आधी संकोचले, "गुरुजी, मी दहावी नापास, मी काय सांगणार?" मग खिशातून पाट्याचे दोन तुकडे काढले, एक पाणी दिलेला, एक पाणी गेलेला. दोन्हींवर कानस फिरवून दाखवली. एकावर घसरली, दुसऱ्यात रुतली. अर्धा तास वर्गात कुणी हललं नाही.

आणि मी फळ्यावर माझं आधीचं वाक्य लिहून, त्यावर काट मारून, खाली बरोबर वाक्य लिहिलं. तुमच्याही वर्गात असं घडलं असेल तर जरूर कळवा.