कंबरेचं रिव्हॉल्वर

2017 साली माझ्या वीस खाटांच्या दवाखान्यात जमाव घुसला. वाटेतच प्राण गेलेल्या पेशंटचे नातेवाईक होते ते. काचा फुटल्या, वॉर्डबॉयचं डोकं फुटलं, मी एक्स-रेच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. त्याच वर्षी धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. घरचे हादरले. मी रीतसर अर्ज केला, पोलीस पडताळणी झाली, परवाना मिळाला, आणि रिव्हॉल्वर एप्रनखाली कंबरेला लावून राऊंड घ्यायला लागलो.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री फवारणीचं औषध प्यायलेला बावीस वर्षांचा पोरगा आला. अ‍ॅट्रोपीन चालू होतं. ते चढलं की पेशंट बरळतो, हवेतलं काहीतरी पकडायला बघतो, हाताला लागेल ते ओढतो. नळ्या, चादर, सिस्टरचा एप्रन, काहीही. म्हणून हात बांधून ठेवतो. त्याच्या उजव्या हाताची पट्टी सैल झाली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी छाती ऐकायला वाकलो. स्टेथोस्कोप कानात, घरघर कमी झाली का एवढंच डोक्यात. तेवढ्यात कंबरेला ओढ बसली. खाली पाहिलं तर त्याची बोटं मुठीभोवती आवळलेली. बाहुल्या मोठ्या झालेल्या, नजर छताला. सिस्टरनी मनगट दाबून धरलं आणि मी एकेक बोट सोडवलं. शेजारच्या खाटेवर ऑक्सिजन लावलेल्या आजी झोपल्या होत्या. त्याच संध्याकाळी जीव द्यायला निघालेल्या पोराच्या हाताशी भरलेलं हत्यार मी स्वतः नेऊन ठेवलं होतं.

हत्यार बाळगावं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. 2014 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका मनोविकारतज्ज्ञाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला रोखलं होतं. हल्लेखोराने त्याआधीच एका कर्मचारी महिलेचा जीव घेतला होता. पण त्याच देशात 2000 ते 2011 मधल्या रुग्णालयांतल्या गोळीबारांचा अभ्यास झाला, तेव्हा इमर्जन्सी विभागातल्या 23 टक्के घटनांत हत्यार सुरक्षारक्षकाकडूनच हिसकावलेलं निघालं. ज्यांचं कामच राखण करणं, त्यांची ही गत. डॉक्टरचे तर दोन्ही हात आणि सगळं लक्ष पेशंटवर असतं.

तेव्हा माझ्यासारखा परवाना काढलेल्या डॉक्टरांना कळकळीने सांगतो, हत्यार दवाखान्यात आणू नका. टेबलाच्या खणातही नको, तो खण दिवसातून दहा जण उघडतात. घरी कुलपात नीट राहणार नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. नातेवाईकांपैकी कुणाकडे परवान्याचं हत्यार असेल तर त्यांनी ते घरी ठेवूनच यावं. दाराशी आल्यावर पुतण्याच्या हातात दिलं, तर विनापरवाना माणसाकडे शस्त्र सोपवल्याचा गुन्हा होतो. एमआरआयच्या खोलीत तर चुंबकच ते खेचतो. 2023 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत आईसोबत आत गेलेल्या एका वकिलाचा जीव असाच गेला, स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून.

जमाव एकदम जमत नाही, हे मला उशिरा कळलं. नातेवाईकांना तास-तासभर कुणी काही सांगत नाही, तिथून सुरुवात होते. आता गंभीर पेशंटच्या घरातला एकच जबाबदार माणूस निवडून त्याला मी दर दोन तासांनी स्वतः सांगतो, बिघडत असेल तर बिघडतंय म्हणून. वाईट बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याने देत नाही. खुर्च्या असलेल्या खोलीत, सोबत एक जुनी सिस्टर घेऊन, आणि माझी खुर्ची दाराजवळ. आवाज चढला की 112 लावायचा, काच फुटायची वाट पाहायची नाही. हे रात्रपाळीच्या पोरांनाही पाठ आहे. 2010 च्या राज्याच्या कायद्याने दवाखान्यातली मारहाण अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तो फलक दाराशीच लावलाय.

पोरगा अकराव्या दिवशी घरी गेला. त्याला त्या रात्रीचं काही आठवत नाही. तपासणीला आला की हात मांडीवर ठेवून समोर बसतो, आणि माझी नजर त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर जाते.