घरची जनावरे व त्यांच्या मलाची विल्हेवाट

भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या अंगणात गुरे, शेळ्या, कोंबड्या, कुत्रा व मांजर यांचा एकत्र वावर असतो. गोठ्यातील शेणाची आपण कदर करतो. कुत्र्या-मांजरांची विष्ठा मात्र पडेल तेथे राहते, किंवा झाडून त्याच उकिरड्यावर लोटली जाते. या दोन्ही रीती सोडून देणे अगत्याचे आहे.

धोका कशात आहे?

कुत्र्याच्या आतड्यातील गोल जंतांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ताजेपणी ती अपाय करीत नाहीत. जमिनीत साधारणतः २ ते ४ आठवडे राहिल्यावर रोगकारक होतात व पुढे काही वर्षे टिकू शकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे ती पोटात जातात. त्यांतील अळ्या यकृत, फुप्फुसे व क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू १ ते ५ दिवसांत रोगकारक होतो व गर्भास इजा करू शकतो. तेव्हा विष्ठा दररोज उचलणे हा पहिला उपाय होय. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये.

शेण व लेंड्या

ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी शेण व पालापाचोळा जाळून राब करण्याची जुनी चाल आहे. त्यात शेणातील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. त्याऐवजी शेण कुजवावे. पुसद (जि. यवतमाळ) येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत त्यास उपयुक्त आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी जमिनीवर बांधावी. तीत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर द्यावेत. सुमारे १०० किलो शेणात टाकी भरते व ३ ते ४ महिन्यांत खत तयार होते. शेळीच्या लेंड्या व कोंबड्यांची विष्ठाही तीत घालावी.

कुत्र्या-मांजरांसाठी निराळा खड्डा

घरगुती ढीग सर्वत्र सारखा तापत नाही, म्हणून त्यात जंतांची अंडी मरतील असा भरवसा नसतो. यास्तव पुढीलप्रमाणे करावे :

१. विहिरीपासून किमान ५० फूट दूर, उंचवट्यावर, २ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा घ्यावा.
२. विष्ठा फावड्याने उचलून खड्ड्यात टाकावी. प्रत्येक वेळी वर भाताचा तूस किंवा कोरडी माती पसरावी.
३. जून ते सप्टेंबर या काळात खड्ड्याभोवती मातीचा बांध घालावा व वर पत्रा ठेवावा. नाहीतर घाण वाहून विहिरीत, ओढ्यात व पुढे कामवारी नदीत जाईल.
४. भरलेला खड्डा मातीने बंद करून एक वर्ष उघडू नये. हे खत करंज, बांबू अशा झाडांनाच द्यावे. भाजीपाला व भातरोपे यांना कदापि देऊ नये.

मूळ उपाय

पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यास नियमित जंतनाशक पाजावे. कापलेल्या शेळ्या-मेंढ्यांची कच्ची फुप्फुसे व यकृत त्यास घालू नयेत. त्यातून फीतकृमी होतो, व त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात गाठी होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत असा एक खड्डा प्रत्यक्ष खणून दाखवावा. फावडे, तूस व थोडी जागा एवढेच साहित्य लागते, आणि त्यात मुलांचे आरोग्य व पिण्याचे पाणी या दोहोंचे रक्षण होते.