खडीच्या भावात जाणारे स्फटिक

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने नळदुर्गकडे येताना दोन्ही बाजूंना काळा दगडच दिसतो. विहीर खणा, घराचा पाया घ्या की रस्ता रुंद करा, सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. आमच्या पुष्कळ बांधवांची रोजी याच दगडात आहे. कोणी खाणीवर, कोणी ट्रॅक्टर-टिपरवर, कोणी गवंडीकामावर, तर कोणी कबरीचे कतबे घडविण्यावर आहे. दगड फुटल्यावर आत पांढरी, चमकणारी, सुयांचा पुंजका असावा तशी गाठ यांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. एखादी गाठ मुले खेळायला नेतात, बाकीच्या खडीच्या यंत्रात जातात. अशीच एखादी गाठ धक्का न लागता सुटली आणि आतले स्फटिक चांगले निघाले, तर ती ब्रासच्या हिशेबाने न जाता नगाच्या हिशेबाने जाते. हा व्यापार कसा चालतो आणि त्यात हलालची वाट कोणती, ते येथे पाहू.

आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे काही भाग त्याने व्यापले आहेत. लाव्हा थंड होताना त्यातील वाफ व वायू बाहेर पडू पाहतात. न निसटलेल्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. अशा छिद्रांच्या थराला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. पुढे गरम पाणी त्यातून झिरपले. दगडातील चुना, सिलिका, सोडियम विरघळवून त्याने या पोकळ्यांच्या भिंतींवर थर चढविले. पोकळी पूर्ण भरली तर भरीव गोटी तयार होते. मध्ये जागा उरली तर स्फटिकाला टोक काढायला वाव मिळतो. बाजारात किंमत आहे ती या टोकाची.

यात स्टिल्बाईट फिकट गुलाबी किंवा बदामी असून गवताची पेंढी मधोमध बांधावी तसे दिसते. स्कोलेसाईट म्हणजे पांढऱ्या सुयांचा पंखा. अपोफिलाईट चौकोनी, काचेसारखे पारदर्शक, क्वचित हिरवे असते. ओकेनाईट तर हुबेहूब कापसाचा गोळा. याखेरीज कॅल्साईट, ह्युलंडाईट आणि आपली ओळखीची गारगोटी.

जगाला यांची ओळख होऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. 1863 साली पुरा झालेला बोरघाटातील रेल्वेमार्ग खोदताना निघालेले सुंदर नमुने इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायतेला नेले. तेथील संग्रहालयांत ते ‘पूना’ या नावाखाली आजही आहेत. नंतर पुणे, नाशिक, जळगाव भागांतील खाणींची नावे संग्राहकांच्या तोंडी झाली. पुण्याजवळच्या वाघोलीचे उदाहरण तर प्रत्येक खाणकामगाराने ऐकावे. कॅव्हनसाईट हे गडद निळे खनिज 1967 साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात प्रथम सापडले, पण अगदी थोडे. पुढे वाघोलीच्या खडीच्या खाणींतून त्याची अशी टपोरी निळी फुले निघाली की आज जगात कॅव्हनसाईट म्हटले की वाघोलीच आठवते. खाण खडीचीच होती. कोणीतरी निळा रंग पाहून हात थांबविला, एवढेच. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. या धंद्यात पाऊल टाकू इच्छिणाऱ्याने आधी एक दिवस तेथे घालवावा. चांगला माल डोळ्यांनी पाहिल्यावाचून पारख येत नाही.

हे वाचून कोणी दुकान विकून स्फटिकांच्या मागे लागू नये. बहुतेक पोकळ्यांत निघतात त्या साध्या पांढऱ्या गाठी, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. हा जोडधंदा आहे. दगड फोडणे ज्याचे रोजचेच काम आहे त्याच्यासाठी.

माल बिघडतो तो बहुधा आपल्याच हाताने. पोकळी दिसली की छिन्नी थेट स्फटिकाजवळ लावू नये. भोवतालचा दगड हातभर सोडून कापावा आणि तळाचा दगड नमुन्याला राहू द्यावा. संग्राहकाला स्फटिक आपल्या मूळ बैठकीवर बसलेला हवा असतो. पॉलिश तर मुळीच करू नये. अंगठीचा खडा घासून घडवितात, येथे घासले की किंमत गेली. धुण्यासाठी साधे पाणी व मऊ ब्रश पुरे. ओकेनाईटला पाणीही लावू नये, तंतू चिकटून बसतात. लॉमोंटाईट नावाचे पांढरे खनिज कोरड्या हवेत आपले पाणी सोडते आणि काही दिवसांत भुगा होते. ते विकत घेणाराच फसतो. तेजाबाविषयी आमचाच अनुभव सांगतो. एका नमुन्यावरचा मातीचा डाग जाईना म्हणून आम्ही तो फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ठेवला. डाग गेला, पण त्याबरोबर कॅल्साईटही फेसाळून गेले आणि शेजारच्या सुयांचा चिकट लगदा झाला. तो दगड आम्ही अजून टेबलावर ठेवला आहे.

आता लबाडीचा भाग. तुटलेले टोक डिंकाने जोडणे, निळी फुले दुसऱ्याच दगडावर चिकटविणे, पांढरे ओकेनाईट रंगवून दुर्मिळ म्हणून खपविणे हे प्रकार बाजारात चालतात. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधारात धरला तर पुष्कळदा डिंक वेगळा उजळतो. शंका आल्यास वजनही पाहावे. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने रत्ने व खनिजे यांवर ‘अल-जमाहिर’ हा ग्रंथ लिहिला. त्याने पाण्याच्या भांड्याच्या साहाय्याने रत्नांचे तौलनिक वजन काढून ठेवले, ते खरे-खोटे ओळखण्याच्या कामी येते म्हणूनच.

दुरुस्ती करणे हराम नाही, लपविणे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. जोडलेला नमुना ‘जोडलेला’ अशी चिठ्ठी लावून विकावा. भाव उतरेल, पण पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येईल. अमेरिकेत टूसाँ येथे 1955 पासून, हल्ली फेब्रुवारीत, आणि जर्मनीत म्युनिक येथे ऑक्टोबरात खनिजांची मोठी प्रदर्शने भरतात. तेथे खरेदी करणारे वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणारे लोक आहेत. एकाला फसविले तर दहा जणांना कळते.

दुसरी एक ओढ याहून अवघड आहे. हे स्फटिक जवळ ठेवले की आजार जातो, नशीब उघडते असे मानणारे गिऱ्हाईक मोठे आहे आणि ते घासाघीस करीत नाही. मुसलमान दुकानदाराने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. दगडाला दगड म्हणूनच विकावे. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे असे नमाजात म्हणणाऱ्याने काउंटरवर दुसरे सांगू नये. गिऱ्हाईक स्वतःच्या समजुतीने नेत असेल तर त्याच्या मनाची झडती घ्यायची गरज नाही, पण तशी पाटी, तसे कार्ड आपण छापू नये.

खाणीवरच्या व्यवहारात तर वाद हमखास होतात. रोजावर फोडलेल्या दगडातून निघालेली गाठ मजुराची नाही. जेवणाच्या डब्यात घालून नेणे ही खियानत आहे, मालक स्वतः ती खडीत टाकणार असला तरीही. कामाला लागतानाच विचारून घ्यावे: ‘शेठ, स्फटिक निघाले तर काय?’ निम्मा हिस्सा ठरो वा नगामागे ठरावीक रक्कम, दोन साक्षीदारांसमोर कागदावर आणावे. खाणमालकाकडे गौण खनिजाचा परवाना आहे ना, हेही पाहावे. काही दलाल मजुरांना उचल देऊन ‘या महिन्यात जे निघेल ते सर्व माझे’ असा सौदा करतात. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकण्यासारखा हा प्रकार झाला. काय निघेल, किती निघेल हे दोघांनाही ठाऊक नाही. शरीअतमध्ये याला गरर म्हणतात आणि असा सौदा जायज नाही. माल बाहेर येऊ द्यावा, दोघांनी पाहावा, मग भाव करावा. घेतलेली उचल साधे कर्ज म्हणून फेडावी, तिच्यापोटी भाव पाडून देऊ नये.

जकातीचा प्रश्न काही वाचक विचारतात. विक्रीसाठी ठेवलेले नमुने हा व्यापारी माल आहे. निसाब व चांद्रवर्ष पूर्ण झाल्यावर त्यांच्या चालू बाजारभावावर अडीच टक्के द्यावे लागतात. हौस म्हणून कपाटात ठेवलेल्या दगडांवर जकात नाही. विक्रीच्या मालातून एखादा नग आवडला म्हणून ऐन हिशेबाच्या आदल्या रात्री कपाटात हलविणारे महाभागही असतात. त्यांनी आपल्या आलिमांना नियतीचा मसला जरूर विचारावा.

नळदुर्गच्या किल्ल्यात मात्र छिन्नी न्यायची नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला गेला तो याच काळ्या दगडात. तटाच्या दगडात चमक दिसली तरी पाहावी आणि पुढे जावे. संरक्षित वास्तूला टोचणे हा गुन्हा आहे.

शेवटी चिठ्ठी. नमुना कोठला हे माहीत नसेल तर जाणकार त्याला अर्धीही किंमत देत नाही. तेव्हा दगड सुटला त्याच दिवशी लिहावे: खनिजाचे नाव (ठाऊक नसेल तर जागा कोरी), गाव, तालुका, विहीर की खाण, किती फूट खोल, तारीख. कागद नमुन्याबरोबर डबीत ठेवावा, दगडाला चिकटवू नये. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले. नव्या चिठ्ठीवर ते लिहावे. जुन्या नगावर ‘उस्मानाबाद’ अशी चिठ्ठी असेल तर ती खोडू किंवा बदलू नये. ती तशीच ठेवून शेजारी नवी जोडावी. संग्राहक जुन्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीचेही पैसे देतात.