आजीच्या हातातला गेम: करमणूक, व्यायाम की औषध?



गोत्रीच्या आसपास घरडाघरात सेवेला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न नेहमी येतो. आजी-आजोबांना मोबाईलवर गेम लावून दिला तर त्यांचं विसरणं थांबेल का? आज याचाच अभ्यास करू या.

प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे.

*गेमने काय होतं?*
कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ६० ते ८५ वर्षांच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक खास गेम महिनाभर दिला. रोज नाही, आठवड्यातून तीनदा, तासभर. गाडी सांभाळता सांभाळता खुणाही ओळखायच्या, आणि जमलं की गेम आणखी अवघड व्हायचा. एका वेळी दोन कामांकडे लक्ष ठेवणं त्यांना चांगलं जमू लागलं, आणि हा फायदा सहा महिन्यांनंतरही टिकला. हे २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं.

*मग हे औषध झालं का?*
नाही. ती मंडळी निरोगी होती. डिमेन्शिया झालेल्या आजोबांना तोच लाभ होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. ‘ल्युमॉसिटी’ बनवणाऱ्या कंपनीने आपल्या गेममुळे विसरभोळेपणा लांबतो अशी जाहिरात केली, पण पुरेसा पुरावा नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या कारवाईत तिला २० लाख डॉलर भरायला लागले.

म्हणजे सार काय? नवं शिकावं लागलं, थोडं थोडं अवघड होत गेलं, तर मन जागं राहतं. रोज तोच सोपा गेम म्हणजे नुसता वेळ घालवणं. जप ओठांवर आणि चित्त बाजारात, तसंच हे.

*सेवेला जाताना एवढं पाळू या:*
१. आधी चष्मा आणि कानाचं यंत्र बघा. न दिसणाऱ्याला, न ऐकू येणाऱ्याला गेम कसला?
२. गेम त्यांना निवडू द्या. सोंगट्या, पत्ते, बुद्धिबळ आवडत असेल तर तेच मोबाईलवर.
३. अर्धा तास पुरे. मग थोडं चालवून आणा.
४. हरले तर हसू नका. कंटाळले तर थांबा.
५. मोबाईल देऊन उठून जाऊ नका, शेजारी बसा. एकटेपणाही डिमेन्शियाचा धोका वाढवतो.

आणि एक महत्त्वाचं. ओळखीचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशाचा हिशेब न जमणं, असं दिसलं तर “वय झालं” म्हणून सोडू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपाय आहेत. गेम लावून वाट बघण्यात ते दिवस वाया जातात. गोत्रीतच जी.एम.ई.आर.एस.चं रुग्णालय आहे, तिथे घेऊन जा.

या आठवड्याचा अभ्यास: एका वृद्धाकडून त्यांच्या लहानपणचा एखादा खेळ आपण शिकून येऊ. शिकवणाऱ्यालाही आठवावं लागतं, नाही का?